सहा उपकरणे आणि एक स्क्रू: कॅम्पर व्हॅनच्या बॉडी अर्थचे प्रकरण

पार्श्वभूमी

मालवाहू व्हॅनची कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, करून घेतलेल्या एका दांपत्याचे हे प्रकरण आहे. गाडी आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. मोजमापे आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच दिले आहेत.

गाडीत नेहमीची स्टार्टर बॅटरी होती आणि चालकाच्या सीटमागे घरगुती वापरासाठी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी होती. ती तीन वाटांनी भरत असे: छतावरचे सोलर, गाडी चालताना ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (स्टार्टर बॅटरीकडून वीज घेऊन ही बॅटरी भरणारा) आणि क्वचित बाहेरची वीज. मागच्या भागात कॉम्प्रेसरचा फ्रीज, पाण्याचा पंप, एलईडी दिवे, डिझेल हीटर, छताचा पंखा आणि यूएसबी सॉकेट अशी सहा उपकरणे होती. पुढे बॅटरीशेजारी ६०० वॉटचा इन्व्हर्टर आणि बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारा मॉनिटर होता.

वायरिंग आधी दुसऱ्या कोणीतरी केलेले होते आणि पॉझिटिव्ह बाजू खरोखर नेटकी होती. प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज होता, वायरींना लेबले होती आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट होते. निगेटिव्हकडे मात्र कुणी बघितलेलेच नव्हते. मागची सहाही उपकरणे गाडीच्या बॉडीवर अर्थ केली होती, म्हणजे त्यांचा निगेटिव्ह बॅटरीपर्यंत वायरीने न आणता गाडीच्या पत्र्याला जोडला होता, आणि तोसुद्धा एकाच जागी.

अडचण

तक्रारी तीन होत्या. पंप चालू झाला की दिवे मंदावत. थंडीच्या रात्री हीटर सुरू करताना तो ‘व्होल्टेज कमी’ असा एरर देऊन बंद पडे आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर फ्रीजही बंद होई. तिसरी तक्रार सगळ्यात चक्रावणारी होती. मॉनिटर बॅटरी जवळपास पूर्ण भरलेली दाखवत असताना एका रात्री बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) बॅटरीचा पुरवठा तोडला आणि अख्खी गाडी अंधारात गेली.

दोघांची अशी समजूत झाली होती की बॅटरीच खराब निघाली. दिसायला सगळे तसेच होते. एका ठिकाणी त्यांनी वायरिंग तपासूनही घेतले होते. तिथे मीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बीप ऐकवला गेला आणि “अर्थ ओके आहे, बॅटरी बदला” असा सल्ला मिळाला. माझ्याकडे गाडी आली तेव्हा दुसऱ्या बॅटरीची ऑर्डर द्यायची तेवढी राहिली होती.

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता: बॅटरी बदलून बघायची, की आधी मोजायचे? मी म्हटले, “ताई, ऑर्डर थांबवा. आधी सगळे लोड चालू करू आणि मीटर लावू.”

मोजमाप

कंटिन्युइटीच्या बीपवर अर्थ पास करणे ही पद्धत घातक आहे आणि ती फार प्रचलित आहे. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंतच्या जोडालाही बीप देतात. १२ व्होल्टच्या गाडीत ०.१ ओहमसुद्धा जास्त झाला, कारण १० अँपिअर वाहायला लागले की तिथे १ व्होल्ट जातो. मीटर ओहमवर ठेवूनही खात्री होत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. शिवाय मीटर जोडातून अगदी नगण्य करंट पाठवतो, आणि तेवढ्या करंटला वायरीची एक तार टेकलेली असली तरी पुरते. जोड खरा कसा आहे हे लोडवर, म्हणजे उपकरणे चालू असताना, व्होल्टेज ड्रॉप (जोडात वाया जाणारे व्होल्टेज) मोजल्यावरच कळते.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरले, थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यावर) नाही, प्रत्यक्ष खांबाच्या धातूवर. दुसरे टोक फ्रीजच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरले. फ्रीज, पंप आणि दिवे चालू असताना मागच्या भागात एकूण १३ अँपिअर जात होते. बॅटरीच्या दोन खांबांमध्ये १३.१ व्होल्ट होते. दोन निगेटिव्ह टोकांमध्ये शून्याच्या आसपास आकडा यायला हवा होता. आला १.६२ व्होल्ट.

मग तेच अंतर तुकड्यातुकड्यांनी मोजले. बॅटरीच्या खांबापासून पुढच्या बॉडी बोल्टपर्यंत ०.०४, त्या बोल्टपासून मागच्या चाकाच्या कमानीजवळच्या पत्र्यापर्यंत ०.०३, पत्र्यापासून स्क्रूपर्यंत १.४५ आणि स्क्रूपासून सगळ्यात वरच्या थिंबलपर्यंत ०.१० व्होल्ट. यातला दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. पोलाद तांब्यापेक्षा पुष्कळ कमी वाहक असले तरी गाडीच्या बॉडीत करंटला मिळणारा धातूचा आडवा छेद इतका मोठा असतो की सलग पत्र्यातून पुढून मागे येताना जेमतेम ०.०३ व्होल्ट गेले. म्हणजे दोष पत्र्याचा नव्हता, पत्र्यावर जिथे जोड घेतला होता त्या जागेचा होता.

फळी काढल्यावर तो जोड दिसला. एक सेल्फ स्क्रू आणि त्यावर एकावर एक चढवलेली सहा थिंबल. पत्र्यावरचा रंग खरवडलेला नव्हता. स्क्रू रंगातूनच आत घातला होता, त्यामुळे धातूशी गाठ पडत होती ती फक्त आट्यांच्या कडेला. असा पत्रा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा धरतो. सहा थिंबलमधला सगळा करंट त्या एका आट्यातून जात होता. सगळ्यात खालच्या थिंबलखाली रंग तपकिरी होऊन फुगला होता आणि स्क्रूच्या डोक्याला बोट लावल्यावर गरम लागत होते. हिशेब केला तर १.४५ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर म्हणजे सुमारे १९ वॉटची उष्णता तिथे तयार होत होती, आणि तीही लाकडी फळी आणि इन्सुलेशन यांच्या मधोमध.

हीटर सुरू केल्यावर चित्र पूर्ण झाले. त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी तापणारा भाग) सुरुवातीला आणखी १० अँपिअर घेतो. मागचा लोड २३ अँपिअरवर गेला आणि फ्रीजच्या टर्मिनलवर ९.९ व्होल्ट उरले. या फ्रीजची तुटण्याची मर्यादा १०.४ व्होल्टवर लावलेली होती, म्हणून तो बंद पडत होता. हीटरचे कारणही हेच. त्याच क्षणी बॅटरीच्या खांबांवर १३ व्होल्ट होते. बॅटरी निर्दोष होती.

राहिला मॉनिटर. त्याचा शंट (करंट मोजणारी पट्टी) बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि निगेटिव्ह बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) यांच्यामध्ये लावला होता, ते बरोबर होते. पण बॉडीकडे जाणारी केबल बसबारवर न लावता थेट बॅटरीच्या खांबावर लावली होती. मागच्या सहाही उपकरणांचा करंट बॉडीतून येऊन त्या केबलने शंटला वळसा घालून बॅटरीत परतत होता. बसबारवर होते फक्त सोलर कंट्रोलर आणि इन्व्हर्टर. म्हणजे सोलरची भर मॉनिटर मोजत होता आणि रोजचा खर्च त्याला दिसतच नव्हता. साहजिकच तो कायम ‘भरलेली’ म्हणायचा. त्यावर विश्वास ठेवल्यामुळे बॅटरी रिकामी होत असल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि बीएमएसने तोडल्यावर संशय बॅटरीवरच गेला.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय सोपा होता: तीच जागा घासून, स्क्रूच्या जागी बोल्ट लावून जोड पक्का करायचा. त्याने दिवे आणि हीटर लगेच ठीक झाले असते. पण सहा उपकरणे पुन्हा एकाच जोडावर राहिली असती आणि तो जोड चाकाच्या कमानीशी, जिथे ओल हमखास पोहोचते.

दुसरा: प्रत्येक उपकरण त्याच्या शेजारच्या पत्र्यावर अर्थ करायचे. गाडीचा कारखाना हेच करतो आणि तिथे ते चालते, कारण त्याने अर्थच्या जागा आधीच ठरवून नट वेल्ड केलेले असतात. कॅम्परमध्ये मात्र फळ्यांमागे सहा नवे जोड तयार झाले असते आणि पुढे कुठला सैल झाला हे शोधायला सहा ठिकाणी फळ्या काढाव्या लागल्या असत्या.

तिसरा: बोटींमध्ये करतात तसे दोन-वायरी काम. प्रत्येक उपकरणाला पॉझिटिव्हइतक्याच जाडीची निगेटिव्ह वायर द्यायची, सगळ्या बसबारवर आणायच्या आणि बसबारपासून बॉडीला एकच जाड जोड ठेवायचा.

चौथा: तेच दोन-वायरी काम, पण बॉडीला जोडच द्यायचा नाही, घरगुती सर्किट पूर्ण वेगळे ठेवायचे. मालकांना ही कल्पना फार आवडली होती, कारण अर्थचा प्रश्नच मिटतो असे त्यांना वाटले. मला ती पटली नाही. एखादी पॉझिटिव्ह वायर घासून बॉडीला टेकली तर अशा सर्किटमध्ये फ्यूज उडत नाही. सगळे आधीसारखेच चालत राहते आणि पूर्ण बॉडी गुपचूप पॉझिटिव्ह होऊन बसते. दुसरा दोष झाला की मग त्याचा पत्ता लागतो. शिवाय त्यांचा चार्जर आयसोलेटेड प्रकारचा नव्हता. त्याच्या आत दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह एकच होते, त्यामुळे बॉडीशी संबंध तोडायचा तर चार्जरही बदलावा लागला असता.

मालकांच्या एका नातेवाइकांनी पाचवा मार्ग सुचवला होता: मागून एक जाड निगेटिव्ह केबल थेट स्टार्टर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर न्यायची. तो लगेच बाजूला ठेवला. या गाडीत त्या खांबावर बॅटरी सेन्सर बसवलेला होता. गाडीचा संगणक त्यातून आत-बाहेर जाणारा करंट मोजून अल्टरनेटर सांभाळतो. खांबाला थेट वायर लावली की तो करंट सेन्सरला दिसत नाही. अशा गाडीत वाढीव उपकरणांचा निगेटिव्ह बॉडीवरच घ्यायचा असतो.

काय ठरवले आणि का

तिसरा पर्याय निवडला, पण त्यात दोन ठिकाणी विचार करावा लागला.

पहिला प्रश्न असा की सहाही निगेटिव्ह स्वतंत्रपणे पुढे आणायचे का. सहा जाड वायरी चार मीटर ओढण्याइतकी जागा छताच्या कडेच्या नळीत नव्हती. म्हणून मागे एक छोटा निगेटिव्ह बसबार बसवून तिथून पुढे १६ स्क्वेअर एमएमची एकच केबल आणायचे ठरवले. तांब्याचा हिशेब सरळ आहे: १ स्क्वेअर एमएमच्या १ मीटर तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. चार मीटर गुणिले ०.०१७५ भागिले १६ म्हणजे ०.००४४ ओहम. पंप, दिवे आणि हीटर मिळून १८ अँपिअर धरले तरी ०.०८ व्होल्टच जातो.

फ्रीजला मात्र या सामायिक केबलमधून वगळले. सहांमध्ये कमी व्होल्टेजला सगळ्यात लवकर बंद पडणारे आणि दिवसरात्र चालणारे उपकरण तेच. दुसऱ्या कुणी जास्त करंट ओढला म्हणून फ्रीजचे व्होल्टेज हलायला नको. त्याला पुढच्या बसबारपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची स्वतःची वायर दिली. ज्याला कमी व्होल्टेज सोसत नाही त्याची परतीची वाट वेगळी ठेवावी, हे मी यापुढेही आग्रहाने सांगेन.

दुसरा प्रश्न बसबारपासून बॉडीच्या जोडाचा. हा जोड नेहमीच्या करंटवरून ठरवला तर चूक होते, तो दोष झाल्यावरच्या करंटवरून ठरवावा लागतो. पॉझिटिव्ह बॉडीला टेकला की सगळा शॉर्ट-सर्किट करंट याच केबलने बॅटरीकडे परततो, आणि फ्यूज उडेपर्यंत तिने टिकायला हवे. केबल बारीक असेल तर फ्यूजच्या आधी तीच जळेल. मुख्य पॉझिटिव्ह २५ स्क्वेअर एमएमची होती आणि तिच्यावर १०० अँपिअरचा फ्यूज होता, म्हणून हा जोडही २५ चाच, अर्ध्या मीटरहून आखूड. चार्जर स्टार्टर बॅटरीकडून जे तीस-पस्तीस अँपिअर ओढतो तेही याच जोडातून परततात.

बॉडीवर जागा कुठे घ्यायची यावर थोडी चर्चा झाली. हाताशी सीटबेल्टचा बोल्ट होता, जाड आणि मजबूत. “हा काय वाईट आहे?” असे मालकांनी विचारले. सीटबेल्ट, सीट, एअरबॅग, इंधनाची टाकी आणि गॅसची नळी यांच्या बोल्टला अर्थसाठी हात लावायचा नाही, त्यावर माझ्याकडे तडजोड नाही. त्या बोल्टचे काम माणसाला धरून ठेवणे आहे. मध्ये थिंबल घातले की त्याची पकड आणि घट्टपणा बदलतो. थोडे शोधल्यावर सीटच्या पेटीखाली फरशीच्या आडव्या पट्टीवर कारखान्याचा वेल्ड केलेला एम८ (८ मिलिमीटरच्या बोल्टचा) नट रिकामा सापडला.

प्रत्यक्ष काम

सुरुवातीला सोलर, चार्जर आणि दोन्ही बॅटऱ्या यांच्या जोडण्या काढल्या. त्या एम८ नटाभोवती थिंबलपेक्षा जरा मोठे वर्तुळ तारेच्या ब्रशने लखलखीत धातू दिसेपर्यंत घासले. कथिलाचा मुलामा असलेले थिंबल थेट उघड्या धातूवर बसवले, त्यावर दातेरी वॉशर आणि वर बोल्ट. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये काहीही नाही. बोल्ट पूर्ण आवळल्यावर वरून गंजरोधक मेण फवारले. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी मेण आणि मग बोल्ट, की जोड पहिल्या दिवसापासून कच्चा राहतो.

बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आता एकच केबल आहे, शंटकडे जाणारी. बाकी सगळे शंटच्या पलीकडच्या बसबारवर: मागची मुख्य केबल, फ्रीज, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर, चार्जर आणि बॉडीचा जोड. चार्जरचा निगेटिव्ह आधी सीटजवळच्या वेगळ्या स्क्रूवर होता, तो तिथून काढला. सोलर कंट्रोलर बसबारवर घेण्याआधी त्याचे कागद पाहिले. काही स्वस्त पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारच्या) कंट्रोलरमध्ये पॉझिटिव्ह सामायिक असतो आणि स्विचिंग निगेटिव्हमध्ये होते. त्यांचे सगळे निगेटिव्ह एकत्र बांधले तर कंट्रोल निकामी होतो. हा एमपीपीटी (सोलरमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) प्रकारचा आणि सामायिक निगेटिव्हचा होता.

इन्व्हर्टरच्या आवरणाचा अर्थ स्क्रू बॉडीला जोडला. २३० व्होल्टच्या बाजूला न्यूट्रल-अर्थचा जोड आणि आरसीडी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) यांचे काम मात्र मी केले नाही, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले. १२ व्होल्टच्या अर्थात चूक झाली तर फ्रीज बंद पडतो, पण २३० च्या अर्थातली चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते.

फळ्या लावण्याआधी एक चाचणी केली. इन्व्हर्टरचा निगेटिव्ह आणि आवरण आतून जोडलेले नाहीत हे मीटरने पाहिले. मग बॉडीचा जोड तात्पुरता काढून एकेक उपकरण चालू केले. ज्याचा निगेटिव्ह अजून बॉडीवर आहे ते अशा वेळी चालणार नाही. सहाही चालली. सरकत्या दारातला पायरीचा दिवा मात्र लागला नाही. हा दिवा कुठल्याच यादीत नव्हता. त्याची वायर बदलायची तर दाराशेजारची पूर्ण फळी उखडावी लागली असती. तो ०.२ अँपिअरही घेत नाही, आणि बॉडीचा जोड आता शंटच्या पलीकडे असल्याने त्याचा खर्चही मॉनिटर मोजतो. म्हणून तो बॉडीवरच ठेवला, फक्त स्क्रू काढून पत्रा घासून नट-बोल्ट लावला.

शेवटी इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थ पट्टी तपासली, इंजिन क्रँक करताना. ड्रॉप नगण्य होता. ही पट्टी कॅम्परच्या वायरिंगचा भाग नाही, तरी ती बघावीच. ती सैल झाली की स्टार्टरचे शेकडो अँपिअर दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट एखाद्या बारीक निगेटिव्ह वायरीतून जाऊ शकते.

निकाल

त्याच लोडवर बॅटरीचा खांब आणि फ्रीजचा निगेटिव्ह यांच्यातला ड्रॉप १.६२ वरून ०.०६ व्होल्टवर आला. फ्रीजला ११.२ ऐवजी १२.७ व्होल्ट मिळू लागले. हीटरचा ग्लो प्लग तापत असतानाही हा आकडा १२.६ च्या खाली गेला नाही. पंप चालू केला की दिवे हलत नाहीत. हीटरचा एरर पुन्हा आला नाही.

बॅटरी पूर्ण भरून मॉनिटर नव्याने १०० टक्क्यांवर सेट केला. त्यानंतरच्या पहिल्या रात्री त्याने टक्के उतरताना दाखवले आणि मालकांनी काळजीने फोन केला. “बॅटरी उतरतेय!” उतरणारच. इतके दिवस ती उतरत होतीच, दिसत नव्हती एवढेच. खरा खर्च समजल्यावर त्यांनी फ्रीजचे तापमान थोडे वाढवले. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही.

वेगळे काय करता आले असते

मूळ वायरिंग करताना, गाडी नुसत्या पत्र्यावर असताना, प्रत्येक पॉझिटिव्हबरोबर निगेटिव्ह ओढला असता तर वाढीव मेहनत जवळपास नव्हतीच. जुळी वायर एकदम ओढली जाते. आम्हाला मात्र तयार फळ्या काढून हे काम करावे लागले आणि त्यात एका कपाटाची कड गेली.

मागचा बसबार आता पलंगाखालच्या कपाटात, झाकण उघडले की दिसेल असा आहे. पंपाच्या जागेजवळ तो ठेवला असता तर वायरी आणखी आखूड झाल्या असत्या, पण तिथे पाणी गळण्याची शक्यता होती. कोरडी आणि हाताला येणारी जागा पत्करली, वायर थोडी लांब झाली. कुणी दुसरा वायरमन उलटा निर्णय घेईल आणि झाकणबंद बसबार वापरला तर तोही चुकीचा ठरणार नाही.

पायरीच्या दिव्याबद्दल मात्र मन पूर्ण निवांत नाही. दाराजवळचा पत्रा ओला होतो आणि तो जोड तिथेच आहे. पुढे कधी ती फळी दुसऱ्या कामासाठी निघाली तर त्याची निगेटिव्ह वायर मागच्या बसबारवर नेऊन टाकावी, अशी नोंद वायरिंगच्या नकाशावर लाल पेनाने करून ठेवली आहे. नकाशाची एक प्रत फ्यूजबॉक्सच्या झाकणात आतून चिकटवली आहे. तिच्यावर बॉडीच्या जोडाची जागा, प्रत्येक निगेटिव्हची जाडी आणि लोडवर मोजलेले ड्रॉप तारखेसह लिहिलेले आहेत. पुढच्या तपासणीत तेच आकडे त्याच लोडवर पुन्हा घ्यायचे आहेत.